भांडणाचं जातं

१९५७ साल. मी अकरा वर्षांचा होतो, धाकटा भाऊ आठचा, आणि आमच्या दोघांच्या भांडणाचा आवाज दौंडच्या यार्डातल्या शंटिंगच्या वर जायचा. ही बढाई नाही. यार्डातला, रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंटमन आमच्या आप्पांना स्वतः म्हणाला होता, "तुमची पोरं सुरू झाली की मला इंजिनाची शिट्टी ऐकू येत न्हाई."

आप्पा म्हणजे आमचे वडील. लोको शेडमध्ये खलाशी होते. इंजिनं पुसायची, राख काढायची, कोळसा ओढायचा. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. रेल्वेचं क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून आम्ही लाइनीच्या पलीकडं एका बाईच्या खोलीत भाड्यानं राहायचो. ओळीनं पाच-सहा खोल्या, वर पत्रा, पुढं एकच लांब पडवी. पडवीच्या टोकाला ती बाई एकटी राहायची. तिचं नाव मी लिहीत नाही. आम्ही मावशी म्हणायचो, आणि बाजारात तिला मिशनवाली म्हणत. शिरूरच्या मिशनच्या बोर्डिंगात ती लहानाची मोठी झाली होती. नवरा रेल्वेत होता, तो आम्ही यायच्या आधीच वारलेला.

मी चौथी शिकलेला माणूस आहे, आणि हे माझ्या हातानं लिहितोय. नातू म्हणाला, आजोबा तुम्ही नुसतं बोला, मी मोबाइलमध्ये उतरवतो. म्हटलं, नको. बोलताना माणूस मध्येच थांबला की ऐकणारा पुढचं आपल्या मनानं जोडतो. माझं मला जोडू दे.

मावशी उंच होती, वाळलेली होती, आणि बारा महिने छत्री घेऊन फिरायची. पाऊस असो नसो. पांढरं लुगडं, काळी छत्री. छत्री उघडलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. ती छत्रीच्या मुठीनं दार वाजवायची, कुत्री हाकलायची, आणि बाजारात वांगी दाबून बघायची. वांगीवाला ओरडायचा, "बाई, भोक पडंल!" ती म्हणायची, "पडू दे, आत किडा असला तर त्याला वारं लागंल."

खोली मागायला कोणी आलं की ती एकच विचारायची, "भांडता का?"

बिचारा भाडेकरू घाईनं सांगायचा, "न्हाई न्हाई, आमचं घर लई शांत."

"मग दुसरीकडं बघा. जो भांडत न्हाई त्यो खोटं बोलतो, न्हाईतर त्याच्या घरात कोन कुनाशी बोलत न्हाई. दोन्ही मला नगंत."

आमचे आप्पा खोली मागायला गेले तेव्हा त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "मी भांडत न्हाई बाई, पर ही दोन पोरं लई भांडत्यात." मावशीनं आमच्याकडं बघितलं. माझ्या गालावर धाकट्याच्या नखाचा ओरखडा होता आणि धाकट्याच्या सदऱ्याची बाही माझ्या हातात होती. ती म्हणाली, "सामान आना."

तिच्या पडवीत एक जातं होतं. आता तुम्ही म्हणाल, त्या काळी जातं कोणाच्या घरात नव्हतं? होतं. पण मावशी स्वतःचं दळण गिरणीत द्यायची. बाजारपेठेत गिरणी होती, तिथं ती डबा डोक्यावर घेऊन जायची. जातं होतं ते भांडणाऱ्यांसाठी. नवरा-बायको असोत, सासू-सून असोत, कडाकडा भांडण पेटलं की छत्री ठकठक करत ती यायची आणि म्हणायची, "चला, दळण हाय." लोक हसायचे, चिडायचे, पण जायचे. खोली तिची होती. आणि खरं सांगायचं तर तिच्यापुढं नाही म्हणणं जमायचंच नाही. ती ओरडायची नाही. तिनं कुणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. आमची दोघांची मनगटं ती दोन हातांत धरायची. घट्ट नाही. पण सुटायची नाहीत.

"मावशी, त्यानं आधी सुरू केलं!"

"न्हाई मावशी, दादानं आधी!"

"सुरुवात केली आदामानं. तुमी बसा जात्यावर."

कोणी आधी सुरू केलं, हे तिनं कधी विचारलं नाही. मला त्याचा फार राग यायचा. कारण बहुतेक वेळा धाकट्यानंच सुरू केलेलं असायचं, आणि हे मी आजही सांगायला तयार आहे.

आम्ही समोरासमोर पाय पसरून बसायचो, मध्ये जातं. खुंटा एक, हात दोन. एकाचा वर, एकाचा खाली. आता कोणाचा वर, यावरून आमचं पहिल्याच दिवशी पुन्हा जुंपलं. मी म्हटलं, मी मोठा, माझा हात वर. मावशी म्हणाली, "मोठा हायेस म्हनून तुजा हात खाली. खालच्या हाताला जोर जास्त लागतो. तुला हाय का जोर?"

मी खाली धरला.

दळण दळणं बायकांचं काम. शेजारची पोरं पडवीच्या कठड्यावरून दात काढायची, "ए वयनी, भाकरी कवा?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण एक सांगतो. जात्यावर भांडता येत नाही. तो ओढतो तेव्हा तुम्ही ढकललंत तर खुंटा हातातून निसटतो आणि पाळू, म्हणजे वरचा दगड, जागेवरच अडते. दोघांनी एकाच वाटेनं हात फिरवला तरच पीठ पडतं. पहिल्या दिवशी आम्ही हे मुद्दाम केलं नाही. आमचा राग संपला नव्हता, हातच कंटाळले.

आणि तिचा एक नेम होता. दळता दळता ओवी म्हणायची. ओवीत समोरच्याचं एक तरी खरं सांगायचं. वाईट नाही, खोटं नाही. मावशी जात्याच्या तोंडात दाणे वैरत बसली होती, मूठ मूठ, तिला काही घाई नव्हती. शेवटी मी म्हटलं,

"पहिली माझी ओवी, भावाला हाय नाक."

धाकटा लगेच म्हणाला,

"दुसरी माझी ओवी, दादाचं नाक लई मोठं."

"मावशी, हे वाईट हाय!"

तिनं माझ्या नाकाकडं नीट बघितलं. "वाईट न्हाई. खरं हाय," ती म्हणाली. "दळा."

पुढं पुढं नाक, दात, कान संपले. मग शोधावं लागायला लागलं. धाकट्याला शिट्टीवरून इंजिन ओळखता येतं, हे मी जात्यावर बसल्याशिवाय कधी म्हटलं नसतं. तो खिडकीचा गज धरून उभा राहायचा आणि बघायच्या आधी सांगायचा, मालगाडी, पॅसेंजर, मेल. कोणतं इंजिन शेडात परत निघालंय तेही सांगायचा. मला ते येत नव्हतं. मी त्याला तोंडावर वेडा म्हणायचो आणि जात्यावर ओवीत घालायचो.

पीठ पडलं की मावशी त्याची एकच मोठी भाकरी थापायची आणि आम्हा दोघांना एका ताटात द्यायची. त्या भाकरीला थोडी कणी लागायची. तसली भाकरी मी नंतर कुठं खाल्ली नाही. गिरणीचं पीठ गुळगुळीत असतं, त्यात काही सापडत नाही.

तिची आणखी एक तऱ्हा होती. रविवारी प्रार्थना झाली की ती सरळ स्टेशनवर जायची. मनमाडकडची पॅसेंजर यायची तेव्हा ती फलाटावर उभी. बायकांच्या डब्यापासून सुरुवात करून ती गाडीच्या बाजूनं चालायची, प्रत्येक खिडकीत बघायची. कुणी उतरलं की त्याच्या तोंडाकडं बघायची. गाडी गेली की छत्री टेकत परत. पोरं म्हणायची, मिशनवाली गाडी मोजती. एकदा मी विचारलं, "मावशी, कोन येनार हाय?" ती म्हणाली, "कोन येत न्हाई, हेच बघायला जाते." मला वाटलं, बाईचं डोकं थोडं सरकलंय.

आता डब्याचं सांगतो.

आप्पांचा जेवणाचा डबा दुपारी शेडात न्यायचा असायचा. डबा नेणाऱ्याला शेडाच्या दारापर्यंत जाता यायचं, आणि दारातून आत फिरतं चाक दिसायचं, ज्यावर इंजिन उभं करून माणसं ढकलून वळवायची. तेवढं मोठं धूड माणसांच्या खांद्यांनी फिरताना बघणं म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. म्हणून डबा कोणी न्यायचा यावर आमचं रोज असायचं. नियम असा की मी मोठा, डबा माझा. धाकटा म्हणायचा, इंजिन मला कळतं, डबा माझा. त्या दिवशी लाइनीच्या कडेलाच त्यानं डब्याची कडी धरली. मी सोडली नाही. का सोडू? कालवण खडीत गेलं, भाकरी कोळशाच्या चुऱ्यात. आप्पांनी ती ड्यूटी उपाशीपोटी काढली, आणि डब्याची वाट बघून बाहेर आले तेव्हा पडलेली भाकरी उचलताना त्यांनी बघितलं की आम्ही दोघं रुळाच्या किती जवळ भांडत होतो. मागून शंटिंगचं इंजिन येत होतं.

कवठे येमाईला निरोप गेला.

कवठ्याला आमचे थोरले आबा, आप्पांचे सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं फाटलं होतं, तेव्हाच आप्पा गाव सोडून रेल्वेत आले. आईच्या दिवसालासुद्धा आबा आले आणि आप्पांशी न बोलता गेले. आबांना मूलबाळ नव्हतं. निरोप असा होता: दोन्ही पोरं एका जागी ठेवली तर एखादा जीव जाईल. एकाला घेऊन जा.

आबा आले. मोठा पटका, हातात काठी. पडवीत उभेच राहिले. मावशीनं पाणी आणलं, ते म्हणाले, "तहान न्हाई." मे महिना होता आणि ते एसटीतून धूळ खात आले होते. मावशीनं तांब्या त्यांच्या जवळ ठेवला आणि मागं सरली. मिशनवालीच्या हातचं ते पिणार नव्हते, हे तिला कळलं, आम्हालाही कळलं.

"कंचा नेऊ?" आबा म्हणाले.

"धाकटा न्या," आप्पा म्हणाले. "ल्हान हाय, लवकर रुळंल."

धाकटा खिडकीपाशी होता. गज धरून उभा. त्यानं मागं वळून बघितलं नाही. शेडाकडून शिट्टी झाली आणि त्यानं कोणतं इंजिन ते सांगितलं नाही. पहिल्यांदाच.

"रुळंल, रुळंल," आबा म्हणाले. "रुळला न्हाईस त्यो तूच. बाप असता तर काय म्हनला असता? हातची जमीन टाकून लोकाच्या इंजिनाची राख काढतोय."

"जमीन कुनी टाकायला लावली? रात्रीची पाळी कुनी मोडली?"

"मी मोडली? का तू?"

"दादा, पोरांसमोर नगं."

"पोरांसमोरच. त्यास्नी कळू दे आपला बाप कसला हट्टी हाय."

आवाज चढले. पडवीतले लोक बाहेर आले. आणि मग ठकठक. छत्री.

मावशीनं आबांचं एक मनगट धरलं आणि आप्पांचं एक. आबा एवढे थक्क झाले की त्यांनी हात ओढूनसुद्धा घेतला नाही.

"चला, पाव्हणं. दळण हाय."

"बाई, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?"

"न्हाई. बसा."

आप्पा बसले. त्यांना सवय नव्हती, पण त्यांनी तिला ओळखलं होतं. आबा उभे. सगळी ओळ बघत होती. आबा म्हणाले, "भावाभावांतलं तुमाला काय कळतंय बाई?"

मावशीनं छत्री भिंतीला टेकवली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, वरही गेला नाही, खालीही आला नाही.

"आमी दोघी बहिनी व्हतो, शिरूरच्या बोर्डिंगात. लई भांडायचो. केस उपटायचो. बाकीच्या पोरींना झोप लागंना. मोठ्या बाई म्हनल्या, एकीला लांब धाडा, भांडान मिटंल. तिला नगरच्या पल्याड कुठंतरी धाडली. ती सात वर्षांची व्हती. भांडान मिटलं बगा."

मला रविवारची पॅसेंजर आठवली. बायकांचा डबा आठवला.

आबांनी पटका काढून कठड्यावर ठेवला आणि बसले. त्यांचा हात खाली, आप्पांचा वर. ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं तेच झालं. लहानपणी कवठ्याला आजीपुढं दोघंही कधी बसले असतील का, कोण जाणे. मावशीनं मूठभर बाजरी वैरली. जातं फिरायला लागलं. आधी अडखळत, मग बरं.

"ओवी," मावशी म्हणाली. "समोरच्याचं. खरं."

"बायकांसारखी ओवी?" आबा म्हणाले.

"ही पडवी सोडून ओवी कुठंच जानार न्हाई, पाव्हणं. आमी सगळे भांडखोर हाय हितं."

लोक हसले. आप्पांनी सुरुवात केली. आईच्या मागं आप्पांचा गळा मी ऐकला नव्हता. त्यांनी बघितलं कुठंच नाही, नुसतं पिठाकडं.

"पहिली माझी ओवी, दादा मोटेच्या धावंवर,
त्याचं गाणं ऐकू येतं पल्याडच्या बांधावर."

आबांचा हात थांबला. जातं थांबलं. मावशी म्हणाली, "थांबू नगा, दाने आत हायेत." हात पुन्हा फिरायला लागला. मग आबा म्हणाले, घोगऱ्या आवाजात, ओवी म्हटली असं नाही, बोलल्यासारखं,

"दुसरी माझी ओवी, धाकटा माझ्या खांद्यावर,
येमाईच्या जत्रेत त्याचे पाय माझ्या छातीवर."

दोघांचे डोळे भरले होते की नाही, मी बघितलं नाही. मी पोरगा असलो तरी मला तेवढं कळत होतं की तिकडं बघायचं नसतं.

पीठ पडलं. मावशीनं भाकरी थापली, तव्यावर टाकली. ताट आबांसमोर ठेवलं आणि म्हणाली, "बाजरी तुमच्या भावाची, पीठ तुमच्या हातचं. माझा नुसता तवा. तवा कंच्या जातीचा, ते तुमीच सांगा."

आबांनी ताटाकडं बघितलं. मग दुपारपासून तसाच ठेवलेला तांब्या उचलला, घटाघटा प्याले आणि भाकरी मोडली. अर्धी आप्पांकडं सरकवली.

जेवण झाल्यावर मावशी म्हणाली, "आता बोला. पोरगं न्यायचं तर न्या. पर भांडतात म्हनून नेऊ नगा. घरात पायजे म्हनून न्या. आन् दर सुट्टीला दोघं एका जात्यावर बसली पायजेत, हितं न्हाईतर तुमच्याकडं. ह्याला व्हय म्हना, न्हाईतर माझ्या दारातून पोर जानार न्हाई."

"घरात पायजेच हाय, बाई," आबा म्हणाले. "तिला लई एकटं वाटतं." तिला म्हणजे आमच्या चुलतीला. "धाकटा देतोस ना?" त्यांनी आप्पांना विचारलं. आता आवाज वेगळा होता. मागण्याचा होता.

धाकटा अजून खिडकीपाशीच होता.

मी म्हटलं, "मी जातो."

आप्पा म्हणाले, "तू गप बस."

"न्हाई बसत. कवठ्याला इंजिन हाय का? ह्याला शिट्टी ऐकल्याबिगर घास जात न्हाई. आन् तिथं ह्याला कुनी मारलं तर? ह्याला मारायचं काम माझं हाय."

सगळी पडवी हसली. मावशी हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली, ओवी बरोबर आली की हलवायची तशी.

आबांना बैलांच्या पाण्याची काळजी होती, म्हणून आबा आणि मी त्याच दिवशी निघालो. निघताना धाकट्यानं माझा सदरा धरला. मी म्हटलं, "सोड, फाटंल." त्यानं सोडला नाही. बाही थोडी फाटलीच.

आबांनी शब्द पाळला. दिवाळीला, मे महिन्यात, आम्ही एका जात्यावर बसायचो आणि भांडायचो. धाकटा पुढं रेल्वेतच लागला, मी शेतीत राहिलो. साठच्या दशकात एकदा मावशीची खोली बंद दिसली. शिरूरला गेली म्हणाले. मी शिरूरच्या बाजाराला गेलो तेव्हा मिशनच्या कंपाउंडात विचारत विचारत तिच्यापर्यंत गेलो. डोळे गेलेले, छत्री खाटेला टेकवलेली. माझा आवाज ऐकून म्हणाली, "मोठ्या नाकाचा का?"

"व्हय मावशी."

"धाकटा?"

"दौंडला. रेल्वेत."

"भांडता का?"

"व्हय. परवाच भांडलो."

"बरं," ती म्हणाली, आणि माझं मनगट धरलं. तसंच. घट्ट नाही, पण सुटलं नाही. बहीण भेटली का, हे माझ्या तोंडावर आलं होतं. खोलीत एकच ताट होतं, एकच पेला. मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा खाट दुसऱ्या कोणाची होती.

धाकटा गेल्या साली गेला. घरात नातवंडं मोबाइलवरून भांडतात. सूनबाई एकाला ह्या खोलीत बसवते, एकाला त्या. शांत होतं घर. मी बोलत नाही, घर तिचं आहे. पण पोरं अशी गप्प झाली की मला बसवत नाही, मी उठून अंगणात जातो. हायवे लांबून ऐकू येतो, गाडीची शिट्टी कवठ्यापर्यंत येत नाही. येत असती तरी ती कशाची, ते मला कुठं कळतंय.

तर आबांबरोबर निघालो त्या दिवशी आम्ही कवठ्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. चुलतीनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, दूध दिलं, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याच्या आवाजानं मला जाग आली. चुलती एकटीच दळत होती. मी उठलो, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "मी दळतो, काकी." ती हसली, हात काढून घेतला आणि दाणे वैरायला लागली. मी खुंटा खाली धरला, अगदी पाळूजवळ. तिथं धरलं की एकट्याला जड जातं.

"वर धर की रे लेकरा," चुलती म्हणाली, "एकटाच हायेस, सोपं जाईल."

मी हात वर नेला नाही. वरची जागा तशीच मोकळी ठेवली आणि दळायला लागलो.